अकरा नाशपाती आणि दोन खिडक्या

तुमच्या वर्गात काय काय नाही, ते जरा आठवून पाहा बरं! नकाशा असतो, पण कोकणाच्या जागी नेमकं भोक. सूक्ष्मदर्शक असतो, पण एकच, आणि पन्नास जणांनी रांगेत उभं राहून त्याला डोळा लावायचा. "बाई, दुसरा का नाही आणत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे, पैसे कुठून आणायचे?"

हेच उत्तर श्रीमंत अमेरिकेतही ऐकू येतं, असं सांगितलं तर खरं वाटेल? न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, विंग्ज अकॅडमी या सरकारी शाळेत चार्ल्स बेस्ट नावाचे तरुण शिक्षक होते. जेवणाच्या सुट्टीत शिक्षक जमले की रोज तीच बोलणी. कुणाला वर्गासाठी पुस्तकं हवीत, कुणाला चित्रकलेचं सामान, कुणाला मुलांची सहल न्यायची आहे. कागद-पेन्सिली तर अनेक जण स्वतःच्या खिशातून आणायचे. बेस्टसरांना वाटलं, मदत करणारी माणसं बाहेर पुष्कळ असतील, पण आपला पैसा नेमका कशाला लागतो, हे त्यांना कळायला हवं. मग त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन एका संकेतस्थळाचं एकेक पान काढलं आणि २००० साली 'डोनर्स चूज' सुरू केलं. शिक्षकाने हवी ती वस्तू तिथे मांडायची आणि ज्याला वाटेल त्याने तिच्यासाठी पैसे द्यायचे.

पण आधी मागायला तर कुणी हवं! सरांनी काय केलं ठाऊक आहे? त्यांच्या आईच्या हातच्या भाजलेल्या गोड नाशपाती प्रसिद्ध होत्या. तशा अकरा नाशपाती त्यांनी शिक्षकांपुढे ठेवल्या. अट एकच, जो खाईल त्याने एक मागणी लिहायची. अकरा नाशपाती संपल्या आणि अकरा मागण्या आल्या. देणारे मात्र कुठे होते? तेव्हा सरांनीच नाव न सांगता त्यातल्या बऱ्याचशा पूर्ण करून टाकल्या. इतरांना वाटलं, अरे वा, हे तर खरंच चालतंय! (थोडी लबाडी झाली खरी, पण सोडून देऊ.) पुढे देणगीदार मिळवण्यासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी दोन हजार पत्रांवर हाताने पत्ते लिहिले. तेव्हा फेसबुक नव्हतं ना! ते आलं २००४ मध्ये.

आता दोन हजार पत्ते लिहायला नकोत. शिक्षक मागणी लिहितात, तिची लिंक ओळखीच्यांना पाठवतात आणि ते आणखी पुढे पाठवतात. १ डॉलरसुद्धा चालतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पैसे शिक्षकाच्या हातात पडतच नाहीत. संस्थाच वस्तू विकत घेते आणि शाळेत पोचवते. २०१५ मध्ये स्टीफन कोल्बेर या विनोदी नटाने आपल्या जुन्या कार्यक्रमातलं टेबल लिलावात विकलं, त्यात इतरांनी भर घातली, आणि साउथ कॅरोलिना या त्याच्या राज्यातल्या शिक्षकांच्या या संकेतस्थळावरच्या सगळ्या मागण्या एका दिवसात पुऱ्या झाल्या. रक्कम होती ८ लाख डॉलर! पुढच्याच वर्षी, २०१६ च्या मार्चमध्ये, पन्नासहून जास्त नामवंतांनी मिळून असंच केलं आणि समाजमाध्यमांवर त्याचा गाजावाजा झाला.

ऐकायला छान वाटतं. पण मला एक खटकतं. ज्या शिक्षकाला चांगलं लिहिता येतं, ज्याच्या ओळखीचे लोक खाऊनपिऊन सुखी आहेत, त्याची मागणी लवकर पुरी होणार. ज्याला हे जमत नाही, त्याच्या मुलांनी काय करायचं? आणि साध्या पेन्सिलींसाठी शिक्षकाने लोकांपुढे हात का पसरावा? ते तर सरकारचं काम. अमेरिकेतही कितीतरी जण हेच म्हणतात.

आपल्याकडे शाळेसाठी लोकांकडून थोडंथोडं घेणं नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा घराघरातून मूठमूठ धान्य गोळा होत असे. आता त्या मुठीच्या जागी व्हॉट्सॲप आलं आहे, एवढंच.

मीही माझ्या गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे. एकदा तिथे निरोप आला, "शाळेच्या विकासासाठी सढळ हाताने मदत करा." हात जोडलेली चित्रं भरपूर आली, पैसे तिघांनीच पाठवले. मग कुणीतरी एका मुलीचा फोटो टाकला. खांद्यावर उसवलेलं दप्तर, पायात चप्पल नाही. पैसे धडाधड जमले, दप्तर आलं. पण तो फोटो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्यावर, आणि अखेर तिच्याच वर्गातल्या मुलांच्या आईबाबांच्या फोनवर. मुलं तिला 'वर्गणी' म्हणू लागली. ती आठवडाभर शाळेत आली नाही. मी स्वतः त्या फोटोखाली 'पैसे पाठवले' असं लिहिलं होतं. ते आठवलं की आजही कसंतरीच होतं. फोटो आमच्या ग्रुपवरून काढला, पण पुढे गेलेला कसा परत आणणार?

पुढच्या पावसाळ्याआधी हेडमास्तरांनी निराळा निरोप टाकला. "सहावीच्या दोन खिडक्यांना झडपा नाहीत. पाऊस आला की पहिल्या दोन रांगा भिंतीला चिकटून बसतात. सुताराने ६,४०० रुपये सांगितले आहेत." सोबत फोटो फक्त खिडक्यांचा. दोन दिवसांत रक्कम जमली. मग सुताराचं बिल आणि नव्या झडपांचा फोटोही आला.

तुमच्या वर्गालाही असं काही करायचं असेल तर आधी बाईंना आणि घरच्यांना विचारा. फेसबुक, इन्स्टाग्राम १३ वर्षांखालच्यांसाठी नाही, तेव्हा निरोप मोठ्यांनीच पाठवायचा. मजकूर मात्र तुम्ही लिहा, तुमच्याइतकं वर्गाचं कुणाला ठाऊक असणार? वस्तू कोणती आणि किमतीला किती, ते स्पष्ट लिहा. आणि पालकांनो, पैसे कुणा एकाच्या खात्यात नकोत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा तिच्या खात्यात घ्या आणि पावती द्या. "देणगी पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका," असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही!

सहावीच्या मुलांनी ग्रुपसाठी एक पत्र लिहिलं. त्यात एका ओळीत होतं, "आता पाऊस बाहेरच पडतो." सुताराने शेवटी १५० रुपये कमी घेतले होते. त्यांच्या कड्या आणायच्या की खडू, यावर आमच्या ग्रुपवर अजून वाद चालू आहे.