पुरात तुरटी किती?

महाळुंग्याशेजारी निघोज्याच्या बंधाऱ्यावर इंद्रायणीतून पाणी उचललं जातं. आंद्रा धरणातून सोडलेलं हे पाणी चिखलीत शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडला मिळतं. मुसळधार पावसात ते गढुळतं. मातीच्या कणांआड जंतू लपतात, क्लोरीन तिथवर पोचत नाही. म्हणून गढूळपणा सतत मोजायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५. तुरटी किती लागेल हे ठरवायला काचपात्रांतल्या नमुन्यांत वेगवेगळी मात्रा घालून ढवळतात, गाळ कशात नीट बसतो ते पाहतात. पुरात कालची मात्रा आज चालेलच असं नाही. मला मात्र कडक उन्हाळा जास्त फसवा वाटतो. पाणी नितळ दिसतं, पण प्रवाह आटल्यानं सांडपाण्याचा वाटा वाढतो आणि त्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो.