चालणे पुन्हा शिकताना

नागपूरचा मे महिना कसा असतो, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशाच एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वय तिशीच्या आसपास. भिंतीला हात लावत, पाय फाकवून ती कशीबशी चालत होती. पाऊण तास कूलरसमोर बसली, पन्हे प्याली आणि उठली तेव्हा बरीच सरळ चालू लागली. हसून म्हणाली, "सर, उष्णतेचा धडा तुम्हीच शिकवलात. मग सांगा, ऊन वाढले की माझे पाय परके होतात आणि गारव्यात पुन्हा माझे होतात, हे कसे?"

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. तिने पडून राहावे असा घरच्यांचा आग्रह. डॉक्टरांनी मात्र तिला व्यायाम सांगितलेला. खरे कोणाचे? विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे पदार्थविज्ञानही लागणार आहे.

वेष्टन गेलेली तार

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील बहुतेक लांब मज्जातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. या वेष्टनात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीकडे जणू उड्या मारत जातो. त्यामुळे त्याचा वेग सेकंदाला ५० ते १०० मीटरपर्यंत पोचतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते. जागोजागी व्रण पडतात; तेथे संदेश रेंगाळतो किंवा अडतो. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांना अधिक होतो. थंड देशांच्या मानाने भारतात तो कमी. परंतु पारशी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. रुग्णांना आधार देणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही १९८५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली.

तोल कोण सांभाळते?

एक साधा प्रयोग करा. भिंतीजवळ दोन्ही पाय जुळवून उभे राहा, शेजारी मित्राला उभे करा आणि अर्धा मिनिट डोळे मिटा. शरीर किंचित झुलू लागल्याचे जाणवेल. आपला गुरुत्वमध्य पायांखालच्या तळाच्या बाहेर जाऊ नये म्हणून मेंदूला सतत खबर लागते. ती तीन ठिकाणांहून येते: डोळे, अंतर्कर्ण, आणि पायांचे तळवे व सांधे. डोळे मिटले की एक खबऱ्या गेला.

पायाकडून मेंदूपर्यंतचे अंतर सुमारे दीड मीटर. सेकंदाला ५० मीटर वेगाने खबर ०.०३ सेकंदात पोचते. वाटेत वेष्टन उडालेले असेल तर ती उशिरा येते किंवा येतच नाही. मग माणूस पाय फाकवून तळ रुंद करतो. माझ्या विद्यार्थिनीची चाल तशी का होती, हे आता लक्षात येईल.

उष्णतेचा घोटाळा

परिश्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही वेळ मंदावते, हे ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवले. पुढे कळले की खरे कारण श्रम नसून शरीराचे वाढलेले तापमान आहे. संदेश पुढच्या फटीपर्यंत नेण्यासाठी काही विद्युतभार लागतो. भार म्हणजे प्रवाह गुणिले वेळ. तापमान वाढले की तंतूवरची सूक्ष्म दारे लवकर बंद होतात, प्रवाह कमी वेळ टिकतो आणि भार घटतो. निरोगी तंतूत भार गरजेच्या कितीतरी पट असल्याने काही बिघडत नाही. वेष्टन गेलेल्या तंतूत तो जेमतेम पुरेसा असतो. अर्धा-एक अंश वाढला तरी संदेश थांबतो. अंग गार झाले की तो पुन्हा वाहू लागतो. यात नवी इजा होत नाही.

पण ही तात्पुरती अडचण म्हणजेच आजाराची वाढ, असा समज झाला आणि रुग्णांना कित्येक वर्षे विश्रांतीचाच सल्ला मिळाला. विश्रांतीने स्नायू रोडावले, दम कमी झाला आणि चालणे आणखी घटले. १९९६ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठात रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला गेला. त्यांचा दम आणि स्नायूंची ताकद वाढली. त्यानंतर या विषयाला वेग आला.

व्यायामाने काय साधते?

व्यायामाने आजार बरा होत नाही, आणि माणसात झिजलेले मायलिन त्याने भरून येते असेही सिद्ध झालेले नाही. मात्र पायांचे स्नायू बळावतात, दम वाढतो आणि शिल्लक असलेल्या मार्गांचा अधिक चांगला उपयोग मेंदू शिकतो. सायकल शिकताना तुम्ही हेच केलेत. तोल थोडा डळमळल्याशिवाय तो सावरायला शिकता येत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट व्यायाम इतपत अवघड ठेवतात की रुग्ण डळमळेल, पण पडणार नाही.

माझी विद्यार्थिनी पहाटे, ऊन चढण्याआधी, स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवत चालते. खुर्चीवरून हात न टेकता उठते-बसते. कोणी जवळ असेल तेव्हा घडी घातलेल्या सतरंजीवर उभी राहते. जागेवरची सायकल चालवते ती कूलरसमोर. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम वाढवणारा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा, असे २०१३ मध्ये कॅनडातील तज्ज्ञांनी सुचवले. अर्थात प्रत्येकाचा आजार वेगळा, लाभही सारखा नाही. आजार उसळलेला असताना तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे.

प्रगती मोजण्याची एक रीत अगदी सोपी आहे: २५ फूट अंतर चालायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. तिने व्हरांड्यात दोन खुणा केल्या आहेत आणि वहीत आकडे मांडते. "सर, हाही प्रयोगच," असे ती म्हणते. सेकंद हळूहळू कमी होत आहेत.

तिचे एक दुःख मात्र व्यायामाने जात नाही. रस्त्यात तोल गेला की लोक 'प्यायलेली दिसते' असे कुजबुजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायदा कोणाच्या नजरेत शिरत नाही. तेथे ज्ञानच लागते. पुढच्या वेळी कोणी अडखळत चाललेले दिसले तर तो घसरलेला तळ, तो उशिरा आलेला संदेश आठवा आणि हात पुढे करा.