‘हायपर’ की ‘हायपो’?

तपासणीचा रिपोर्ट हातात पडला, की त्यातले लांबलचक इंग्रजी शब्द पाहूनच अनेकांना धडकी भरते. खरे तर हे शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून बनलेले असतात. तुकडे ओळखले, की अर्थ उलगडतो.

‘हायपोग्लायसेमिया’च घ्या. ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘ग्लाय’ म्हणजे गोड, ‘एमिया’ रक्ताशी संबंधित. म्हणजेच रक्तातली साखर कमी होणे. उलट, ‘हायपर’ म्हणजे वर. संस्कृत ‘उपरि’चा हा भाऊबंदच. म्हणून ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे साखर वाढणे.

शब्दांत फरक जेमतेम, उपाय मात्र उलटे. मधुमेही व्यक्तीची साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. साखर वाढलेली असताना मात्र हेच साखरपाणी त्रास वाढवते.

तसेच ‘आयटिस’ म्हणजे दाह: हेपॅटायटिस यकृताचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा.

शब्द कळले म्हणून स्वतःच निदान करू नये. पण डॉक्टरांना नेमका प्रश्न नक्कीच विचारता येतो.