मनोविश्लेषणातील भावसंक्रमण

काही व्यक्तींच्या प्रत्येक नात्यात तोच संशय, तोच दुरावा पुन्हा उद्भवतो. आप्तांविषयीच्या जुन्या भावना नकळत नव्या माणसावर आरोपित होतात, असे मनोविश्लेषण मानते. या प्रक्रियेस ‘भावसंक्रमण’ म्हणतात. ती उपचारकाच्या बाबतीतही घडते. १९०० साली व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे आलेल्या ‘डोरा’ या १८ वर्षांच्या तरुणीने सुमारे ११ आठवड्यांतच उपचार सोडले. परिचित गृहस्थावरील तिचा रोष आपल्याकडे वळल्याचे वेळीच ओळखता आले नाही, अशी कबुली फ्रॉइड यांनी १९०५ च्या रुग्णवृत्तांतात दिली. म्हणूनच उपचारक असा रोष टाळत नाही. रुग्णासह त्याचा उगम शोधतो. हा शोध वारंवार घ्यावा लागतो. त्यातूनच जुनी चाकोरी सुटण्याची शक्यता निर्माण होते.