ग्राइंडरवर लावलेली धार लवकर का जाते? 'पाणी देणं' म्हणजे नेमकं काय?

भातकापणी जवळ आली की कर्जत-खालापूरच्या गावांत विळे-कोयते बाहेर निघतात. ग्राइंडरवर धार झटपट लागते. पण कधी पात्यावर निळसर पट्टा उमटतो आणि ती धार दोन दिवसही टिकत नाही. हत्याराचं 'पाणी उतरलं' म्हणतात ते हेच.

हे पाणी म्हणजे काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. पातं सावकाश थंड झालं तर कार्बन पुन्हा वेगळा होतो, पोलाद मऊ राहतं. लालभडक पातं एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कडक होतं. साध्या सळईत कार्बन फार कमी, म्हणून तिला कितीही पाणी द्या, उपयोग नाही. ट्रकच्या जुन्या पाट्याला लोहार पसंती देतात ती यामुळेच.

मात्र नुसतं कडक पातं ठिसूळ असतं. दगडावर आपटलं की टवका उडतो. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. घासलेल्या पात्यावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. कुठल्या रंगाला थांबायचं, यातच लोहाराचं खरं कसब.

खोपोलीत १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्रा युजीन कंपनीचा विशेष पोलादाचा कारखाना उभा राहिला. विशेष पोलादाच्या धंद्यातही तत्त्व हेच, फक्त रंगाऐवजी भट्टीचं तापमान मोजतात. क्रोमियमसारखे धातू मिसळल्याने जाड तुकडाही तेलात, म्हणजे पाण्यापेक्षा सावकाश थंड होऊन, आतपर्यंत कडक होऊ शकतो. गिअर, बेअरिंगसाठी हे लागतं.

ग्राइंडर पात्याला नकळत पुन्हा तापवतो, तेही फक्त पातळ धारेला. म्हणून हलका दाब द्यावा, पातं सारखं पाण्यात बुडवावं, बोटाला चटका बसण्याइतकं तापू देऊ नये. निळा पट्टा बारीक असेल तर तेवढा भाग सावकाश घासून काढता येतो. खोल गेला असेल, तर कोयता पुन्हा भट्टीवरच न्यावा लागतो.