बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत?

फलटणला माझं औषधांचं दुकान आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत आमच्याकडे येते, विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो. त्या दिवसांत दुकानात काय खपतं हे सांगायला बिलबुक उघडावं लागत नाही. दुखण्याची गोळी, दुखण्याचं मलम, चिकटपट्टी आणि ओआरएस. यातली पहिली वस्तू नावाने कुणीच मागत नाही. "अंगदुखीची द्या." "गुडघ्याची द्या." "ती तांबडी असती बघा, घेतली की लगीच गुण येतो, ती द्या." वारी पुढे गेली तरी ही मागणी काही थांबत नाही. ऊस तोडणारे येतात, शेताला पाणी द्यायला रात्रभर उभे राहिलेले येतात, दिवसभर मशीन चालवणाऱ्या शिवणकामवाल्या बायका येतात. दुखणं खरं असतं आणि गोळीही खरीच असते. प्रश्न फक्त ती कुणाच्या पोटात जाते, कशाबरोबर जाते आणि किती दिवस जाते, एवढाच असतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, एटोरिकॉक्सिब आणि या सगळ्यांची थोरली बहीण अ‍ॅस्पिरिन, हे एकच कूळ. दुखणं थांबवतात, सूज उतरवतात, तापही खाली आणतात. पॅरासिटामॉल त्यात येत नाही. ते ताप आणि दुखणं कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही. काउंटरवर मात्र सगळ्यांना एकच नाव: पेनकिलर.

अ‍ॅस्पिरिन विसाव्या शतकाच्या आधीपासून बाजारात होतं, पण ते नेमकं काय करतं याचा उलगडा व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं, की ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. १९८२ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. मी गिऱ्हाइकाला हे समजावताना म्हणते, प्रोस्टाग्लँडिन म्हणजे वाड्यातला हरकाम्या गडी. पाय मुरगळला की आरडाओरडा तोच करतो, तिथे रक्त जास्त सोडून सूजही तोच आणतो. पण जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर राखणं, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणं, ही कामंही त्याच्याकडेच असतात. गोळीने गड्याला सुट्टी दिली की ओरडा थांबतो आणि बाकीची कामंही पडून राहतात. या औषधांचे बहुतेक सगळे फायदे आणि बहुतेक सगळे तोटे इथूनच निघतात.

फायदे मी कमी लेखत नाही. पाळीच्या वेदनांत गर्भाशयाला पिळा घालणारी रसायनं हीच असल्यामुळे मेफेनॅमिक किंवा आयब्युप्रोफेन त्या मुलीला खरोखर उभं करतं. "सोसायचं असतं" म्हणून तिला घरी बसवणाऱ्या आयांशी मी दुकानात वाद घातलेला आहे. मुतखड्याची कळ, दाढदुखी, गाऊटने लालबुंद झालेला अंगठा, पाठीचा कणा आखडवणारा संधिवात, या सगळ्यांत डॉक्टर याच कुळातलं औषध देतात आणि बरोबर देतात. आयब्युप्रोफेन शोधणारे नॉटिंगहॅमचे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स तर स्वतःच त्याचे पेशंट होते. मॉस्कोच्या एका परिषदेत सकाळी भाषण, आदल्या रात्री व्होडका झालेली, डोकं ठणकतंय. त्यांनी ६०० मिलिग्रॅमचा डोस घेतला आणि भाषण करून आले. १९६९ साली ते औषध ब्रिटनमध्ये विक्रीला आलं.

आता पोटाचं. लोकांना वाटतं, अल्सर झाला की पोट दुखेल, मग बघू. इथेच गोची आहे. दुखणं दाबणारी गोळी चालू असताना पोटातला व्रण गुपचूप वाढू शकतो आणि पहिली खबर थेट रक्तस्रावाची येते: डांबरासारखी काळी, चिकट शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा काही न कळता चक्कर. साठी ओलांडलेले, पूर्वी अल्सर झालेले, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांना हा धोका जास्त. "मग इंजेक्शनच घेतो, पोटात जायलाच नको," असं म्हणणारे शहाणे रोज भेटतात. पण औषध सुईने दिलं तरी रक्तातून सगळीकडे पोहोचतं आणि जठराचं अस्तर रक्तावरच जगतं. सोबत जी गॅसची गोळी देतात, पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल, ती जठराला आणि त्याच्या लगेच पुढच्या आतड्याला खरंच वाचवते. मूत्रपिंडासाठी ती काही करत नाही. हे दुसरं वाक्य लोकांपर्यंत पोहोचतच नाही.

मूत्रपिंडाची गोष्ट मी वारीतच शिकले असं म्हणायला हरकत नाही. पुस्तकात होतीच, पण तळावर ती चालत येते. आम्ही औषधविक्रेते मिळून तिथे एक टेबल लावतो, शेजारी डॉक्टरांचा तंबू असतो. एका वर्षी जिंतूरकडच्या एक आजी आल्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवून त्यांनी चंची सोडली आणि सुपारीच्या शेजारून गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्यापुढे मांडल्या. रक्तदाबाची एक, तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असं दोन्ही. साखरेची मेटफॉर्मिन. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. आणि कात्रीने कापलेला एक तुकडा, दोन गोळ्यांचा. त्यावर पूर्ण नाव नव्हतं, फक्त "डायक्लोफे" एवढी अक्षरं राहिली होती.

"आजी, ही कशाची?"

"गुडघ्याची. सासवडला एका पोरानं दिली. दिवे घाट चढल्यापासून घेते."

"दिवसातून किती?"

"सकाळी एक, राती एक. लई ठणकलं तर मधी आणिक एक."

"लघवीला नीट होतं का?"

आजी हसल्या. "पाणीच कमी पिते मी माय. घडीघडी कुठं बसावं बाईमाणसानं?"

वारीत बायका पाणी का कमी पितात, हे ज्याला माहीत नाही त्याने या औषधांवर बोलू नये असं माझं मत आहे. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन आत येणारी रक्तवाहिनी रुंद करून कसंबसं निभावून नेतं. डायक्लोफेनॅकने तेच बंद केलं. टेल्मिसार्टनसारखी औषधं बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतात, त्यामुळे गाळणीतला दाब आणखी उतरतो. लघवीच्या औषधाने उरलंसुरलं पाणीही जातं. डॉक्टर मंडळी या त्रिकुटाला तिहेरी मार म्हणतात. रक्तदाबाच्या दोन्ही औषधांचा एरवी आजींना फायदाच होता. बिघडवलं ते सासवडच्या तुकड्याने. आजींचे घोटे सुजले होते, बोटाने दाबलं की खळगा पडत होता आणि रक्तदाब गोळी चालू असूनही वर होता. कारण ही वेदनाशामकं अंगात मीठपाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा जोरही कमी करतात.

शेजारच्या डॉक्टरांनी तो तुकडा काढून घेतला, रक्त तपासायला पाठवलं, पाणी किती आणि कसं प्यायचं ते सांगितलं. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचंच जेल दिलं. औषध तेच, मग यात काय फरक, असं आजींच्या सोबतच्या बाईंनी बरोबर विचारलं. फरक मात्रेचा. जेलमधून रक्तात उतरणारं औषध गोळीच्या मानाने साधारण सहा टक्के. गुडघा किंवा बोटांची पेरं अशा कातडीजवळच्या सांध्यांना ते चांगलं लागू पडतं, कंबरेसारख्या खोल जागी तितकं नाही. आजी ट्रकमध्ये बसायला मात्र अजिबात तयार नव्हत्या. शेवटी दिंडीच्या विणेकऱ्यांनी सांगितलं तेव्हा एक टप्पा बसल्या.

हृदयाचा धोका जगाला कळला तो रोफेकॉक्सिबमुळे. पोटाला सांभाळून घेणारं नवं औषध म्हणून ते १९९९ मध्ये अमेरिकेत आलं आणि धो धो खपलं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं, कारण दीड वर्षापेक्षा जास्त घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं होतं. त्यानंतर बाकीच्यांकडेही नीट पाहिलं गेलं. डायक्लोफेनॅक यात फारसं मागे नाही. नेप्रोक्सेन त्यातल्या त्यात बरं, पण निर्धोक तेही नाही. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्याचं हृदय अशक्त आहे, त्याने ही गोळी काउंटरवरून कधीच घेऊ नये.

आणखी एक गुंता फार थोड्यांना माहीत असतो. हृदयासाठी रोज ७५ची अ‍ॅस्पिरिन घेणारा माणूस तिच्या आधी आयब्युप्रोफेन घेत असेल, तर अ‍ॅस्पिरिनला रक्तातल्या प्लेटलेट्सवर जागाच मिळत नाही. गुठळी रोखायची गोळी पोटात गेलेली असते, काम झालेलं नसतं.

पावसाळ्यात डेंग्यूचा ताप असेल तर या कुळातली एकही गोळी नको. प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात, त्यात रक्तस्रावाला निमंत्रण कशाला. फक्त पॅरासिटामॉल. दम्याच्या काही रोग्यांना अ‍ॅस्पिरिनने किंवा तिच्या बहिणींनी धाप लागते, त्यांनी डॉक्टरांना ते आधीच सांगावं. विसाव्या आठवड्यानंतरच्या गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं.

आपल्या बाजारात जोडगोळ्यांचा सुळसुळाट आहे, याचा मला खरा राग येतो. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे, हे न कळल्याने माणूस तापासाठी वर ६५०ची पॅरासिटामॉल घेतो. दुखण्यासाठी एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल चालू असतंच. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. रोज दारू पिणाऱ्याला किंवा यकृताचा त्रास असणाऱ्याला त्याहून कमी. तीन पाकिटांतून आलं की बेरीज कोण करणार? काही गोळ्यांत सूज उतरवायला सेराटिओपेप्टिडेज घातलेलं असतं. जपानमध्ये ज्या कंपनीचं ते औषध होतं तिने २०११ साली, गुण सिद्ध करता येईना म्हणून, स्वतःहून ते मागे घेतलं. आमच्याकडे अजून "सुजेची पॉवरवाली" म्हणून मागितलं जातं. निमेसुलाइडचं तर काय सांगावं. यकृताला इजा करतं म्हणून फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये ते बंद केलं, भारतात २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर बंदी आहे. तरी "पोराचा ताप झटक्यात उतरवणारी" म्हणून अजून कुणीतरी येतंच.

जनावरांच्या डॉक्टरांकडे हेच डायक्लोफेनॅक असायचं. दुखऱ्या बैलाला दिलं, बैल मेला, गिधाडांनी खाल्ला आणि गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन झाडाखाली पडली. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांकडे वळायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलीटरपुरती आणावी लागली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, हे नशीब.

दुकानात मी आता पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल अशी कापते, पाकिटावर किती वेळा आणि किती दिवस ते पेनने लिहिते. गोळी जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. चारपाच दिवसांत उतार नसेल तर गोळी बदलून बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, तेही दाखवते. आणि प्रत्येकाला विचारते, बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत? बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. मग मी विचारते, बीपीची? साखरेची? "हां, त्या रोजच्याच. त्या कुठं गोळ्या?"

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ चिडले. "बाई, तुम्ही गोळ्या विकता का पोलीस चौकी चालवता?" म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. दोन मिनिटांत चार गोळ्यांचा तुकडा खिशात घालून मोटारसायकलला किक मारली.