दवाखान्याचे बिल कोण भरते? सहा देशांच्या सहा तऱ्हा

वस्तीत कुणाच्या घरी मोठे आजारपण आले की डॉक्टर काय म्हणाले याच्या आधी डिपॉझिट किती सांगितले हे विचारले जाते. मग फोनाफोनी सुरू होते. कुणी भिशीचा नंबर आधी मागतो, कुणी बचत गटातून कर्ज उचलतो, कुणी गळ्यातले गहाण ठेवतो. हा व्याप नको म्हणून कित्येक जण दुखणे अंगावरच काढतात. छातीत कळ येते, पण मुलीच्या फीची तारीख जवळ आलेली असते, म्हणून घरात कुणाला सांगत नाहीत.

हे इतके अंगवळणी पडले आहे की जगभर असेच चालत असेल असे वाटते. पण अनेक देशांनी आजारपणाचा भार एकट्या कुटुंबावर पडू द्यायचा नाही असे ठरवले आणि बऱ्याच अंशी ते पाळले. त्यात श्रीमंत देश आहेत, तसे बेताच्या कमाईचेही आहेत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आणि प्रत्येकीत काही ना काही खोट आहे. त्या समजून घेताना वाचकांनी तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. पैसे कधी द्यायचे, धडधाकट असताना की आजारी पडल्यावर? दार सगळ्यांना एकच की गरिबांना वेगळे? आणि साधा ताप दाखवायचा झाला तर दवाखाना किती लांब?

ब्रिटन : करातून चालणारा दवाखाना

दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले होते. तरीही ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, स्वतः खाणकामगाराचा मुलगा आणि लहानपणी खाणीत राबलेला माणूस. पैसा मुख्यतः सरकारी करांतून येतो. माणूस आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो. आधी तो डॉक्टर तपासतो आणि गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात पाठवतो. ऑपरेशन असो की बाळंतपण, बिल हातात पडत नाही.

तिथेही सगळे फुकट राहिले नाही. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यासाठी पैसे घ्यायचे ठरले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. आज इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीमागे ठरावीक शुल्क आहे. मुले, गरोदर स्त्रिया आणि साठीच्या पुढची माणसे त्यातून वगळली आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे शुल्कच नाही. मोठी तक्रार आहे ती ताटकळण्याची. अलीकडच्या वर्षांत इंग्लंडच्या प्रतीक्षा यादीत ७० लाखांहून अधिक उपचार अडकले आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनोन् महिने थांबावे लागते. तरी तिथल्या माणसाला उपचारासाठी घर गहाण टाकावे लागत नाही.

जर्मनी आणि जपान : पगारातून भरणारी पेटी

जर्मनीने हा विचार त्याच्याही खूप आधी, १८८३ मध्ये केला. चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. पद्धत आपल्या भिशीसारखी आहे, फक्त नंबर लागतो तो आजारी माणसाचा. दर महिन्याला पगारातून ठरावीक टक्के रक्कम निधीत जाते. मूळ दर १४.६ टक्के आहे, त्यावर थोडी जास्तीची वर्गणी असते. निम्मी रक्कम कामगार भरतो, निम्मी मालक. ज्याचा पगार जास्त त्याची वर्गणी जास्त, उपचार मात्र दोघांना सारखेच. कमावत नसलेला जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत येतात. देशातली दहापैकी जवळपास नऊ माणसे या निधींत आहेत. जास्त पगाराच्या लोकांना मात्र खासगी विमा घेऊन बाहेर पडता येते, आणि त्यांना डॉक्टरची वेळ लवकर मिळते अशी इतरांची कुरकुर असते.

जपानने १९६१ पर्यंत देशातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या विम्यात आणले. नोकरदाराचा विमा नोकरीतून, शेतकरी आणि छोट्या दुकानदाराचा नगरपालिकेमार्फत. तिथे बिलाचा काही भाग रुग्णाने द्यायचा असतो, साधारण ३० टक्के. म्हाताऱ्यांना तो कमी पडतो. पण घराच्या मिळकतीप्रमाणे महिन्याची एक मर्यादा ठरलेली असते. खर्च तिच्या पलीकडे गेला की विमा भार घेतो. शिवाय प्रत्येक तपासणीचा आणि ऑपरेशनचा दर सरकार ठरवते, दर दोन वर्षांनी तो तपासते, आणि विम्यातल्या उपचारांना खासगी रुग्णालयालाही तोच दर लावावा लागतो.

आपल्याकडचा कामगार विमा, म्हणजे ईएसआय, याच कुळातला. १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. मात्र पगारातून पैसे कापायचे तर पगाराची नोंद हवी. नाक्यावर उभा राहणारा मजूर, घरकाम करणारी बाई, कचरा वेचणारी ताई यांची नोंद कुठल्या मालकाच्या वहीत असते? जर्मनीत बेरोजगाराची वर्गणी सरकारी खात्यातून भरली जाते. आपल्याकडे ही माणसे पेटीच्या बाहेरच राहिली.

थायलंड : गरिबांच्या कार्डाकडून सगळ्यांच्या हक्काकडे

आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी कहाणी थायलंडची आहे. तिथे १९७५ पासून गरिबांना मोफत उपचारांची योजना होती. त्यासाठी गरीब असल्याचे कार्ड लागे. पुढे पाहणी झाली तेव्हा दिसले की खऱ्या गरिबांपैकी अनेकांकडे कार्ड नव्हते, आणि गरज नसलेल्या काहींकडे होते. सरकारी नोकरांची योजना वेगळी, कंपनीतल्या कामगारांची वेगळी. शेतमजूर, फेरीवाले असे कोट्यवधी लोक कशातच बसत नव्हते.

डॉ. सगुआन नित्यारम्फोंग आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे सांगत होते की गरीब कोण हे शोधत बसण्यापेक्षा उरलेल्या सगळ्यांनाच हक्क द्या. लोकसंघटनांनी ५० हजारांहून अधिक सह्या गोळा करून स्वतःचा कायद्याचा मसुदा पुढे केला. २००१ च्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि २००२ मध्ये कायदा झाला. दवाखान्यात जाताना ३० बाट द्यायचे, तेव्हाचे साधारण तीस-पस्तीस रुपये, आणि त्यात तपासणी, औषध, ऑपरेशन सगळे. अगदी गरिबांना तेही माफ.

पैसा करातून येतो. सरकार रुग्णालयाला नोंदलेल्या माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम देते, त्यामुळे विनाकारण तपासण्या लावून बिल फुगवण्यात रुग्णालयाचा फायदा नसतो. त्याचीही दुसरी बाजू आहे. रक्कम अपुरी पडली की रुग्णालये तोट्यात जातात, गर्दी वाढते आणि डॉक्टर थकतात. सुरुवातीला डायलिसिस योजनेत नव्हते. रुग्णांनी लावून धरल्यावर २००८ मध्ये ते आले.

ही योजना उभी राहिली ती आधीच्या तयारीमुळे. तालुक्या-तालुक्यात सरकारी रुग्णालये बांधून झाली होती. नव्या डॉक्टरांना सरकारी सेवेत काही वर्षे काढावी लागत. गावोगाव आरोग्य स्वयंसेवक होते, आज ते दहा लाखांवर आहेत. कार्ड दिले आणि दवाखानाच नाही, असे तिथे झाले नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा सन २००० च्या सुमारास एक तृतीयांश होता. आता तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला आहे.

श्रीलंका : आधी दवाखाना, मग बाकीचे

श्रीलंका थायलंडहूनही गरीब. तिथे सरकारी दवाखान्यातले शुल्क १९५१ मध्येच बंद झाले. कार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. कुठल्याही जिल्ह्याच्या माणसाने कुठल्याही सरकारी रुग्णालयात जावे. त्यांचे बळ आहे घरोघरी जाणाऱ्या सुईणीत. ती प्रशिक्षित सरकारी नोकर असते. काही हजार वस्तीमागे एक अशी तिची नेमणूक असते. गरोदर बाईची नोंद, बाळाचे वजन, लस हे सगळे ती पाहते. जवळपास सगळी बाळंतपणे तिथे रुग्णालयात होतात.

तरी तिथेही किरकोळ दुखण्यासाठी निम्म्याच्या आसपास लोक खासगी डॉक्टरकडे जातात, कारण सरकारी रांगेत दिवस मोडतो. २०२२ मध्ये देश आर्थिक संकटात सापडला तेव्हा रुग्णालयांत औषधांचा तुटवडा झाला. करावर चालणारी व्यवस्था सरकारच्या तिजोरीबरोबर डळमळते.

अमेरिका : सर्वांत जास्त खर्च, तरी लोक बाहेर

जास्त पैसा ओतला की प्रश्न सुटतो असे वाटत असेल तर अमेरिकेकडे पाहावे. हा देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करतो. एवढा वाटा इतर कुठलाही मोठा देश खर्च करत नाही. तरी अडीच कोटींहून अधिक लोकांकडे विमा नाही. म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ पासून सरकारी योजना आहेत, पण बाकीच्यांचा विमा बहुतेक करून नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की विम्याचाही भरवसा नाही.

मग आपण कुठे आहोत?

१९४६ मध्येच भोर समितीने सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. आज आपल्या हातात काय आहे? २०१८ पासून आयुष्मान भारतचे कार्ड आहे, राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यांनी अनेकांचे हृदयाचे, कॅन्सरचे उपचार केले आहेत. पण ही कार्डे मुख्यतः भरती झाल्यावर चालतात. रोजची शुगरची गोळी, बीपीचे औषध, रक्ताची तपासणी यात येत नाही. आणि आपल्या घरातला पैसा झिरपतो तो नेमका तिथूनच. गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद होतात, आणि मग एक दिवस लकव्याचा झटका आल्यावर कार्ड उपयोगी पडते.

थायलंड आणि श्रीलंकेने पहिली पायरी आधी बांधली. चालत जाता येईल असा दवाखाना, त्यात डॉक्टर, त्यात औषध. तिथे जायला गरिबीचा पुरावा लागत नाही, म्हणून तिथे शिक्षक येतो, पोलीस येतो, दुकानदार येतो. मग औषध संपले तर ओरड करणारे गरीब एकटे नसतात.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली घरातली. योजनेचे कार्ड आजार येण्याआधी काढून ठेवा, रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून घ्या. भरती व्हायची वेळ आली तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे आणि उपचारांचे पैसे घेणे बंद झाले आहे. कुणी मागितले तर पावती मागा.

दुसरी वस्तीतली. विहारात किंवा मंडळात बैठक होईल तेव्हा पाच-सहा जणांनी जबाबदारी घ्यावी. जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर किती दिवस बसतात, बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात का, कोणती औषधे बाहेरून आणायला लावतात, हे महिनाभर वहीत लिहून काढावे. नगरसेवकाला, आमदाराला ती वही दाखवावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता आणि गटार विचारतो, तसा हा दवाखानाही विचारावा. थायलंडच्या लोकांनीही सुरुवात सह्यांच्या कागदांनीच केली होती.